गोबरधनच्या पोर्टलवर गळतीचाही एक रकाना हवा

प्रति,
सचिव, पेयजल व स्वच्छता विभाग, जलशक्ती मंत्रालय
सचिव, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय
सचिव, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय
नवी दिल्ली

प्रत: साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: बायोगॅस व सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्रकल्पांतली मिथेन गळती मोजणं, जाहीर करणं आणि अनुदानाशी जोडणं.

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

2016 सालच्या राष्ट्रीय नोंदीप्रमाणे भारताचं मिथेन उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत मांडलं तर, 40 कोटी 90 लाख टन होतं. त्यातलं 73.96 टक्के शेती आणि पशुपालनातलं, 14.46 टक्के कचरा-सांडपाण्यातलं, 10.62 टक्के ऊर्जाक्षेत्रातलं. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2030 पर्यंत मिथेन 30 टक्क्यांनी कमी करण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली, तेव्हा भारताने तिच्यावर सही केली नाही. आपल्याकडचा बराचसा मिथेन चार-दोन जनावरं आणि एक-दोन एकर भात असलेल्या माणसाच्या जगण्यातून येतो, हे सरकारचं म्हणणं. त्या म्हणण्यात तथ्य आहे आणि या पत्रात आम्ही त्यावर वाद घालणार नाही. गाईचा ढेकर आणि भाताचं खाचर आम्ही बाजूला ठेवलं आहे.

पण सरकारी अनुदान, सरकारी खरेदी आणि सरकारी लक्ष्य यांवर उभ्या राहिलेल्या प्रकल्पातून जो मिथेन हवेत जातो, तो कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नाही. ती देखभालीतली, रचनेतली आणि हिशेबातली उणीव आहे. हे पत्र तेवढ्यापुरतं आहे.

1 ऑक्टोबर 2018 ला सीबीजी उत्पादन वाढवण्याची ‘सतत’ योजना सुरू झाली, तेव्हा 2023 पर्यंत 5,000 सीबीजी प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन उत्पादन असं लक्ष्य होतं. ते फार दूर राहिलं. 2023-24 च्या अर्थसंकल्पात गोबरधनखाली (शेण आणि ओल्या कचऱ्यातून गॅस व खत करण्याचा सरकारी कार्यक्रम) 500 नवे प्रकल्प जाहीर झाले. त्यांत 200 सीबीजीचे आणि 300 सामूहिक किंवा समूह-आधारित. आता गॅस वितरण कंपन्यांवर सीबीजी मिसळण्याचं बंधन आलं आहे: 2025-26 ला 1 टक्का, पुढच्या वर्षी 3, मग 4, आणि 2028-29 पासून 5. म्हणजे येत्या तीन-चार वर्षांत बांधकामाची घाई होणार. घाईत सगळ्यात आधी कात्री कशाला लागते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: फ्लेअर (जादा गॅस जाळून टाकणारी ज्योत), स्लरीच्या (गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ मालाच्या) टाकीवरचं झाकण आणि कच्च्या गॅसचा मीटर. तिन्ही नसले तरी सीबीजी विकता येतो.

साधा हिशेब

एक किलो मिथेन जाळला की 2.75 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच किलो न जळता निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा ताप 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे 80 किलोइतका.

रोज 100 टन प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ) घेणारा प्रकल्प धरू. साधारण 25 टनांना एक टन सीबीजी, म्हणजे दिवसाला 4 टन. 95 टक्के शुद्धतेच्या चार टन सीबीजीत वजनाने सुमारे साडेतीन टन मिथेन असतो, उरलेला कार्बन डायऑक्साइड. या सीबीजीने तेवढाच खनिज वायू वाचवला, तर दिवसाला 9.6 टन कार्बन डायऑक्साइड टळतो. आता याच प्रकल्पातून तयार झालेल्या मिथेनपैकी 5 टक्के निसटतो असं समजा. ते होतात दिवसाला 184 किलो. 28 ने गुणलं तर सव्वापाच टनांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त फायदा गेला. 80 ने गुणलं तर पावणेपंधरा टन, म्हणजे खनिज वायू वाचवून मिळवलं त्याच्या दीडपट गमावलं.

हाच प्रेसमड उघड्यावर कुजून जो मिथेन सुटला असता, तो या हिशेबात जमेला धरला पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. पण तो किती, हे मूळ कच्चा माल कसा ठेवला जात होता यावर ठरतं. सगळी मेख तिथेच आहे.

शेणाचंच घ्या. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक साठवणीला एक गुणांक दिला आहे: त्या शेणातून जास्तीत जास्त जेवढा मिथेन निघू शकतो, त्याचे किती टक्के प्रत्यक्षात निघतात. उबदार हवेत कोरड्या ढिगासाठी तो 4 ते 5 टक्के, अंगणात वाळणाऱ्या शेणासाठी 1.5 ते 2, रोज शेतात पसरलेल्या शेणासाठी अर्धा ते एक. पाण्याने धुऊन उघड्या तळ्यात सोडलेल्या शेणासाठी मात्र जवळजवळ 80. म्हणजे ज्या गोठ्यात शेण पाइपने धुऊन खड्ड्यात जातं, मोठ्या गोशाळा आणि शहरालगतचे तबेले, तिथे बायोगॅस प्रकल्प मिथेन खरोखर अडवतो, थोडीफार गळती असली तरी. ज्या घरी शेण उकिरड्यावर कोरडं पडतं, तिथे मुळात मिथेन फारसा निघतच नव्हता. तेच शेण आपण बंद टाकीत घालून त्याचा मुद्दाम मिथेन करतो. टाकीत तयार झालेल्या गॅसपैकी पाच-सात टक्के गळाला, की उकिरड्याइतकाच मिथेन हवेत गेला. दहा-पंधरा टक्के गळाला, तर प्रकल्पामुळे मिथेन वाढला.

घरगुती गोबरगॅसचे बाकीचे फायदे यामुळे खोटे ठरत नाहीत. चूल जाते, धूर जातो, सरपण वाचतं, स्लरीचं खत मिळतं. ते सगळं खरं आहे. फक्त त्याला मिथेन कपातीचा कार्यक्रम म्हणायचं असेल, तर गळतीचा आकडा हातात हवा.

गॅस कुठून जातो

मोठ्या सीबीजी प्रकल्पांत गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. मंत्रालयाच्या तपासणी पथकाकडे त्यांची यादी असली तर अर्ध्या दिवसात प्रकल्पाचं खरं चित्र कळतं.

सगळ्यात मोठी जागा बहुतेक वेळा स्लरीचं तळं असते. भांडवल वाचवण्यासाठी डायजेस्टरमधला (माल पचवणाऱ्या बंद टाकीतला) मुक्काम 40-45 दिवसांऐवजी 25-30 दिवसांवर आणतात. अर्धवट पचलेला माल बाहेर येतो, स्क्रू प्रेसमधून घट्ट भाग वेगळा होतो आणि पातळ भाग उघड्या तळ्यात साठतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये त्या तळ्याचं पाणी इतकं तापतं की तळं हाच दुसरा डायजेस्टर होतो, फक्त त्याला छत नसतं. काठावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी बुडबुडे दिसतात. ताज्या स्लरीला बुडबुडे येणं हे अपुऱ्या पचनाचं लक्षण आहे, जिवंतपणाचं नव्हे. उपाय दोन. एक तर स्लरीच्या पहिल्या टाकीवर पडद्याचं छत घालून ती गॅसलाइनला जोडायची, किंवा डायजेस्टरचा मुक्काम वाढवायचा. पचन पुरेसं झालं की नाही, हे तपासायची चाचणीही सोपी आहे. स्लरीचा नमुना बंद बाटलीत 37 अंशांवर 60 दिवस ठेवायचा आणि किती गॅस निघाला तो मोजायचा. कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकतं.

दुसरी जागा गॅस साठवणारा दुहेरी पडदा. आतला पडदा गॅस धरतो, बाहेरचा आकार धरतो, मधली हवा ब्लोअर भरतो. आतल्या पडद्याला चीर पडली तर बाहेरून काहीच दिसत नाही, फुगा टुमदारच राहतो. मधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेशी मिथेन मीटर धरला की पाच मिनिटांत निकाल मिळतो. टाकीच्या कडेला पडदा दाबून धरणारी हवेची नळी असते. तिचा दाब रात्री उतरला की पूर्ण परिघाभर गॅस झिरपतो. त्या नळीला दाबमापक असतो, पण त्याची नोंद ठेवणारी वही क्वचितच सापडते.

तिसरी जागा सुरक्षा झडप. आपल्याकडच्या बऱ्याच डायजेस्टरांवर पाण्याच्या सीलची झडप असते. ठरावीक उंचीचं पाणी गॅसला अडवतं, दाब वाढला तरच गॅस बुडबुड्यांनी बाहेर जातो. उन्हाळ्यात हे पाणी उडतं. सील चार-सहा इंचांनी खाली गेलं की झडप रात्रंदिवस उघडीच. रोज सकाळी पाण्याची पातळी पाहून भरायची, इतकंच काम आहे. फेस आला तर मात्र वेगळी भानगड होते. एकदम जास्त माल घातला, किंवा प्रेसमडमध्ये मेण आणि माती जास्त आली, की डायजेस्टर फेसाळतो, फेस गॅसलाइनमध्ये शिरतो, लाइन तुंबते आणि सगळा गॅस झडपेतून जातो. वाष्पशील आम्लं आणि क्षारता यांचं गुणोत्तर 0.4 च्या वर जायला लागलं की खाद्य कमी करायचं, हा नियम प्रत्येक ऑपरेटरला शिकवलेला असतो. ते गुणोत्तर काढायचं टायट्रेशन मात्र आठवड्यातून एकदा होतं आणि आम्लता दोन दिवसांत बिघडते.

चौथी जागा प्युरिफिकेशन युनिट, म्हणजे कच्च्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारी यंत्रणा. आयएस 16087 या भारतीय मानकाप्रमाणे सीबीजीत किमान 90 टक्के मिथेन लागतो. वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड चिमणीतून बाहेर जातो आणि त्याच्याबरोबर काही मिथेनही जातो. दाब कमी-जास्त करून वायू शोषणाऱ्या पीएसए पद्धतीत झडपांच्या सीट झिजल्या की हे प्रमाण हळूहळू वाढतं. पाण्याने गॅस धुणाऱ्या वॉटर स्क्रबिंगमध्ये फ्लॅश टाकीचा दाब चुकला तर विरघळलेला मिथेन परत न फिरता स्ट्रिपरमधून उडून जातो. एकाच टप्प्याच्या मेम्ब्रेनमध्ये तर रचनेतच तोटा असतो; दोन-तीन टप्पे असले तर तो एक टक्क्याच्या आत आणता येतो. जर्मनीत या चिमणीतून जाणाऱ्या मिथेनवर 0.2 टक्क्यांची मर्यादा आहे. आम्ही पहिल्याच दिवशी 0.2 मागत नाही. जुन्या प्रकल्पांना 2 टक्के आणि नव्यांना 1 टक्का, अशी मर्यादा आज बाजारात मिळणाऱ्या यंत्रांनी पाळता येते.

आणि पाचवी जागा, जिला आम्ही सगळ्यात जास्त महत्त्व देतो, ती म्हणजे न पेटलेला फ्लेअर. कॉम्प्रेसर बंद पडला, वीज गेली, हायड्रोजन सल्फाइड शोषणारं माध्यम संपलं, पंपावर गेलेली कॅस्केडची (सिलिंडरांच्या संचाची) गाडी वेळेत परतली नाही, यांपैकी काहीही झालं तरी डायजेस्टर थांबत नाही. त्यातले जिवाणू रजा घेत नाहीत. गॅस फ्लेअरकडे जातो. तिथे पायलटचा एलपीजी सिलिंडर रिकामा असतो, किंवा स्पार्क चालत नाही, किंवा फ्लेअरची क्षमता एकूण गॅसच्या निम्मीच असते. दिवसा ज्योत दिसत नाही, त्यामुळे ‘फ्लेअर चालू आहे’ या शेऱ्यावर कुणालाच विश्वास ठेवता येत नाही. ज्योतीत तापमान मोजणारं थर्मोकपल बसवायचं, त्याचं तापमान दर मिनिटाला आपोआप नोंदवायचं, आणि गॅस वाहतोय पण तापमान चढत नाही अशी वेळ आली की अलार्म वाजला पाहिजे. संपूर्ण प्रकल्पाच्या खर्चात ही रक्कम कुठे दिसणारही नाही.

सुरक्षेचा सेन्सर आणि गळतीचा सेन्सर एक नव्हे

तपासणीला गेल्यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘आमच्याकडे गॅस डिटेक्टर आहेत, पेसोची (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मंजुरी आहे’. हे उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. तो डिटेक्टर स्फोट टाळण्यासाठी असतो. मिथेन हवेत 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि डिटेक्टर सहसा त्याच्या 20 टक्क्यांवर वाजतो, म्हणजे दहा लाख भागांत 10,000 भाग मिथेन झाल्यावर. उघड्या आवारात वारा असताना एखाद्या फ्लँजमधून तासाला दोन-तीन किलो गॅस गेला तरी तिथून काही मीटरवरचा डिटेक्टर शांत राहतो. गळती शोधायला दहा लाखांत एक-दोन भाग ओळखणारा हातातला मीटर लागतो, किंवा वीस-तीस मीटरवरून टाकीच्या कडेवर रोखता येणारा लेझर. ही उपकरणं काही लाखांत येतात. एका जिल्ह्याला किंवा साखरपट्ट्यातल्या पाच-सात प्रकल्पांना मिळून एक संच पुरेल.

पाहणीची पद्धतही अवघड नाही. वारा मंद असलेली सकाळ निवडायची. आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला मूळ पातळी घ्यायची. ती दहा लाखांत 2 भागांच्या आसपास हवी. मग डायजेस्टरची कड, मॅनहोल, ढवळणीच्या शाफ्टचं सील, गॅसलाइनचे फ्लँज (जोड), कंडेन्सेट ट्रॅप (लाइनमधलं पाणी साठवणारं भांडं), झडपा, ब्लोअरचा निकास, प्युरिफिकेशनची चिमणी, कॉम्प्रेसरचं पॅकिंग, भरणीची होज या क्रमाने जायचं. जिथे आकडा 500 च्या वर गेला तिथे साबणाच्या पाण्याने नेमकी जागा शोधायची, फोटो काढायचा, खडूने खूण करायची. सात दिवसांत दुरुस्ती आणि पुन्हा मोजणी. कंडेन्सेट ट्रॅप विसरू नका. त्यातलं पाणी काढणारा माणूस अनेकदा कॉक थोडा उघडा ठेवून देतो, सारखा वाकायचा त्रास वाचावा म्हणून. महिनाभर अखंड चालणारी गळती बहुधा अशीच असते.

पाहणीला हिशेबाची जोड हवी. प्युरिफिकेशनच्या आधी कच्च्या गॅसचा मीटर आणि मिथेन विश्लेषक, प्युरिफिकेशननंतर दुसरी जोडी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे चिमणीतून गेलेला मिथेन. आज बहुतेक ठिकाणी भरवशाचा मीटर फक्त विक्रीच्या टोकाला असतो, कारण पैसे तिथे मोजले जातात. कच्चा गॅस ओला आणि आम्लधर्मी असल्यामुळे त्याचा मीटर सहा महिन्यांत बिघडतो आणि मग तो बदलायला कुणी हात लावत नाही. किलोला 54 रुपये दर धरला, तर वरच्या उदाहरणातल्या 5 टक्के गळतीची किंमत वर्षाला छत्तीस लाखांहून जास्त होते. मालकाला हे कळलं तर तो स्वतःच्या खिशाखातर दुरुस्ती करेल. त्याला कळत नाही, कारण मोजणारं काही तिथे नाही.

प्रेसमडचा डोंगर

हा भाग साखर आयुक्तांसाठी.

दिवसाला 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या साधारण साडेतीन टक्के, म्हणजे 175 टन प्रेसमड रोज निघतो. 120 दिवसांच्या हंगामात 21,000 टन. शेजारचा 100 टनांचा प्रकल्प हंगामात 12,000 टन वापरतो आणि 9,000 टन साठवतो. कागदावर हा साठा मेअखेरपर्यंत पुरतो. प्रत्यक्षात ढीग आतून 60-70 अंशांपर्यंत तापतो, बाहेरचा थर कंपोस्ट होतो, आतला थर हवेशिवाय कुजतो आणि मिथेन थेट आकाशात जातो. एप्रिलमध्ये उचललेल्या प्रेसमडमधून डिसेंबरइतका गॅस निघत नाही. जो निघत नाही, त्यातला काही वाटा ढिगातूनच निघून गेलेला असतो, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

साठवण नीट करता येते. काँक्रीटचा तळ, तीन बाजूंनी भिंत, मुरघासासारखं ट्रॅक्टरने थराथराने दाबणं, वर जाड ताडपत्री आणि तिच्यावर वजन. हवा आत गेली नाही तर ढीग तापत नाही आणि आम्लता लवकर आल्यामुळे मिथेन करणारे जिवाणूही मंदावतात. उचलताना रोज एकाच बाजूने, उभा काप घेत उचलायचा, पूर्ण ढीग उघडा करायचा नाही. एवढ्यावर निम्मं नुकसान वाचतं असा आमचा अंदाज आहे; नेमका आकडा मोजूनच ठरवावा आणि तो मोजण्याचं काम पुण्यातल्या ऊस संशोधनाच्या संस्थांना सहज देता येईल.

साठा संपल्यावर प्रश्न मिटत नाही. खाद्य थांबलं तरी डायजेस्टर पुढे काही आठवडे गॅस देत राहतो, पण तो रोज कमी होत जातो. प्युरिफिकेशन युनिट क्षमतेच्या निम्म्याच्या खाली नीट चालत नाही. मग ऑपरेटर ते बंद करतो आणि उरलेला गॅस सोडून दिला जातो. दर वर्षी पावसाच्या तोंडावर हे घडतं. बॉयलरला किंवा छोट्या गॅस इंजिनला जोडणारी एक लाइन सुरुवातीलाच काढून ठेवली, तर हा शेपटाचा गॅस वाया जात नाही. स्पेंटवॉशवर (मद्यार्क कारखान्याच्या सांडपाण्यावर) चालणाऱ्या जुन्या प्रकल्पांत ही सोय असते. नव्या सीबीजी आराखड्यांत ती काटली जाते.

घरगुती टाक्या

1981-82 पासून देशात सुमारे 50 लाख घरगुती गोबरगॅस टाक्या बांधल्या गेल्या. महाराष्ट्राचा वाटा त्यात फार मोठा आहे. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आकारानुसार टाकीमागे 9,800 ते 70,400 रुपये साहाय्य मिळतं. ते बांधण्यासाठी. दहा वर्षं जुन्या, घुमटाला बारीक तडा गेलेल्या टाकीच्या दुरुस्तीसाठी काही नाही.

दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी गेली, दावणीला दोन गाई राहिल्या. टाकी अर्धपोटी चालते, गॅस पुरत नाही, घरात सिलिंडर येतो आणि टाकी नुसती पडून राहते. पडून राहिलेल्या टाकीत जुना शेणकाला असतो आणि तो महिनोन् महिने गॅस देत राहतो. वापर नसल्यामुळे तो गॅस इनलेट-आउटलेटमधून बुडबुडत जातो. बंद करायची असेल तर टाकी उपसून रिकामी केली पाहिजे, हे बांधताना कुणी सांगत नाही.

चालू टाक्यांची दुखणी वेगळी. दीनबंधू नमुन्याच्या टाकीच्या विटांच्या घुमटाला आतून सिमेंटच्या थरांवर गॅस अडवणारा रंग लागतो. गवंड्याने तो एकाच हातात उरकला की वीट झिरपते. लोखंडी ड्रमला स्लरीच्या रेषेवर गंज लागतो, कारण तिथे हवा, ओल आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र येतात. दर वर्षी घासून रंग दिला नाही तर पाच-सहा वर्षांत भोकं पडतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या उन्हाने कडक होऊन घडीवर फाटतात. वर साधं शेडनेट टाकलं तरी त्यांचं आयुष्य वाढतं. घुमटाच्या टाकीची तपासणी कुणालाही जमेल अशी आहे: रात्री स्वयंपाकानंतर मेन कॉक बंद करायचा, पारदर्शक नळीच्या मॅनोमीटरवर पाण्याची खूण करायची आणि सकाळी पाहायचं. टाकी निरोगी असेल तर पाणी वर चढलेलं दिसतं. जिथे होतं तिथेच राहिलं किंवा उतरलं, तर रात्रभर तयार झालेला गॅस गळून गेला.

नव्या टाकीबरोबर पाच वर्षं मोफत देखभालीची हमी असते. ही हमी कागदावरून गोठ्यापर्यंत आणायची असेल, तर टर्न-की कामगाराला (टाकी बांधून चालू करून देणाऱ्याला) त्याचं मानधन दर वर्षीच्या मॅनोमीटर नोंदीवर द्या, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी.

आमच्या मागण्या

गोबरधनच्या एकत्रित नोंदणी पोर्टलवर जून 2023 पासून प्रकल्पांची नोंद होते आहे. त्यावर प्रत्येक सीबीजी प्रकल्पासाठी चार आकडे दर तिमाहीला भरणं सक्तीचं करा: कच्चा गॅस, विकलेला गॅस, फ्लेअरमध्ये जाळलेला गॅस आणि चिमणीतल्या मिथेनचं प्रमाण. हे आकडे सगळ्यांना दिसले पाहिजेत. वर्षातून एकदा त्रयस्थ पथकाची गळती पाहणी, आणि तिचा अहवालही तिथेच.

नव्या प्रकल्पाची क्षमता-चाचणी होते, तेव्हाच गळतीची चाचणी घ्या. पूर्ण क्षमतेचा, आपोआप पेटणारा फ्लेअर नसेल आणि स्लरीची पहिली टाकी झाकलेली नसेल तर केंद्रीय साहाय्याचा शेवटचा हप्ता थांबवा. प्रकल्पातून निघणाऱ्या खतासाठी टनाला 1,500 रुपये बाजार विकास साहाय्य दिलं जातं. ते पुरेसं पचन झालेल्या मालालाच मिळावं आणि त्याची कसोटी वर सांगितलेली 60 दिवसांची बाटली असावी. सध्या अर्धकच्चा माल विकणारा आणि पूर्ण पचवणारा, दोघांना सारखेच पैसे मिळतात. त्यामुळे पचनावर खर्च करणाराच तोट्यात जातो.

महापालिकांच्या छोट्या प्रकल्पांबद्दल फार लिहीत नाही. इंदूरमध्ये फेब्रुवारी 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प उभा आहे, तो घरातूनच वेगळा झालेला कचरा मिळतो म्हणून. नारळाच्या करवंट्या, प्लॅस्टिक आणि वाळू मिसळलेला कचरा पाच टनांच्या टाकीत ओतला की ती वर्षभरात गाळाने भरते, आणि कचरा परत डेपोवर जातो. वर्गीकरणाचा पुरावा नसेल तर तिथे नवा प्रकल्प मंजूरच करू नका.

घरगुती टाक्यांसाठी नव्या बांधकामाच्या तरतुदीतला निदान चौथा हिस्सा दुरुस्ती आणि रिकाम्या टाक्यांच्या उपशासाठी वळवा. एक जुनी टाकी दुरुस्त करायला नव्या टाकीच्या कितीतरी कमी पैसे लागतात, आणि तिच्या घरी जनावरं आहेत की नाहीत हे आधीच माहीत असतं.

कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत बायोगॅसला श्रेय देताना कोरड्या उकिरड्याला उघड्या तळ्याचा गुणांक लावला जाणार नाही, याची खबरदारी घ्या. ही पळवाट उघडी राहिली तर विकली जाणारी क्रेडिट्स कधीच न निघालेल्या मिथेनची असतील.

साखर आयुक्तांना एक वेगळी विनंती. येत्या गळीत हंगामाचा परवाना देताना, सीबीजी प्रकल्प असलेल्या कारखान्यांकडून प्रेसमड साठवणीचा आराखडा मागवा: किती टन, कुठे, कशाने झाकणार, आणि हंगाम संपल्यावरचा गॅस कुठल्या लाइनने कुठे जाळणार. दोन पानांत मावेल. मोजणीचे नमुने, तिमाही नोंदीचा तक्ता आणि पाहणीची तपासयादी आम्ही मराठीत तयार करून देऊ, आणि पहिल्या हंगामात दहा प्रकल्पांवर ऑपरेटरना सोबत घेऊन पाहणी करून दाखवू. त्यासाठी मानधन नको. आवारात शिरण्याची परवानगी आणि आकडे जाहीर करण्याची मुभा पुरे.

कळावे,

बायोगॅस व सीबीजी प्रकल्पांवर काम करणारे अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि ऑपरेटर